ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान: कोडआधी बग पडताळायला घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्हाला ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पांत, योगदान द्यायचंय. तुम्ही संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात. सी++ आणि पायथन बऱ्यापैकी येतं. 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांसाठी सोपं) असं लेबल लावलेलं काम शोधायला गेलात तर तिथे आधीच दहा जणांनी 'मला असाइन करा' असं लिहून ठेवलेलं असतं. मग लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरचा कोड उतरवून घेतला आणि फोल्डर बघूनच हात टेकले. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, इंग्रजी लिहायची भीती वाटते आणि शेवटी यातून नोकरीला मदत होईल का, हेही जाणून घ्यायचंय.

तुम्ही विचारलंय, 'एवढा कोड समजून कसा घ्यायचा?' माझ्या मते अडचण तिथे नाही. लिबरऑफिसचा संपूर्ण कोड समजलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्यात मुरलेल्या लोकांना तशी गरजही वाटत नाही. या कोडची मुळं जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीच्या स्टारऑफिसपर्यंत जातात. पुढे ते ओपनऑफिस झालं आणि सप्टेंबर २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस वेगळं निघालं. कोडमध्ये जर्मन भाषेतल्या टिपा इतक्या होत्या की त्या इंग्रजीत आणणं हे कित्येक वर्षं नवख्या लोकांना दिलं जाणारं ठरलेलं काम होतं. अशा जुन्या वाड्यात शिरताना आधी सगळा नकाशा पाठ करायचा नसतो, एका खोलीत जायचं एक कारण हवं असतं. तुमच्याकडे ते कारण नाही, ही खरी अडचण आहे. आणि ते कारण बगमधून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषातून, मिळतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. येत्या महिन्याभरात प्लेसमेंट असेल आणि रेझ्युमेत एक ओळ वाढवायची एवढाच हेतू असेल, तर हा मार्ग तुमच्या उपयोगाचा नाही, तो वेळ मुलाखतीच्या तयारीला द्या. गूगल समर ऑफ कोड (मार्गदर्शकाच्या हाताखाली ओपन सोर्सचं काम करायचा गूगलचा उपक्रम) डोक्यात असेल तर अर्जाची मुदत जवळ आल्यावर धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही. हा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि मार्गदर्शक मंडळी साहजिकच आधीपासून प्रकल्पात दिसणाऱ्या माणसाकडे झुकतात. शिकायची खरी ओढ असेल आणि आठवड्याला चार-पाच तास निघत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

प्रकल्पही तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदलेल. मी लिबरऑफिसबद्दल बोलतोय, कारण तुम्ही ते निवडलंत आणि माझंही बरंचसं काम तिथलंच आहे. तुमचा ओढा वेबकडे असता तर मुंबईत सुरू झालेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय सांभाळायच्या सॉफ्टवेअरकडे बघा म्हटलं असतं. ते पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पण कुठलाही प्रकल्प निवडा, निकष तोच: तुम्ही स्वतः वापरता का? रोज वापरणाऱ्यालाच खटकतं, आणि खटकल्याशिवाय बग सापडत नाही. दुसरी गोष्ट तपासायची ती अशी की गेल्या दोन-तीन महिन्यांत बाहेरच्या, नव्या माणसांचे बदल स्वीकारले गेलेत का आणि त्यांना उत्तर यायला किती दिवस लागले. महिनोन्महिने कुणी उत्तरच देत नसेल तर प्रकल्प कितीही नावाजलेला असो, पहिल्या कामासाठी तो सोडून द्या.

आता 'गुड फर्स्ट इश्यू'च्या गर्दीबद्दल. २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरभर ओपन सोर्सला योगदान द्यायच्या उपक्रमात, टी-शर्टसाठी चार पुल रिक्वेस्ट ('माझा बदल घ्या' अशा विनंत्या) हव्या होत्या. रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये, एखादा शब्द बदलून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला की आयोजकांना चालू स्पर्धेत नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय तेच धरायचे, असं ठरलं. २०२४ मध्ये एक्सप्रेस या वेब-प्रोग्रॅमिंगच्या प्रकल्पात पुन्हा तेच झालं. पुल रिक्वेस्ट कशी करायची हे शिकवणाऱ्या एका व्हिडिओत एक्सप्रेसचा खराखुरा रेपो (कोडचं कोठार) वापरून दाखवला होता. तो बघून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्ट धडाधड पाठवल्या. त्या मुलांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यातली प्रत्येक पुल रिक्वेस्ट कुणीतरी उघडली, वाचली, बंद केली. ती माणसं बहुतेक वेळा नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात. ओपन सोर्समध्ये कोड लिहिणाऱ्यांची टंचाई नाही. टंचाई आहे ती आलेला कोड आणि आलेली तक्रार नीट तपासणाऱ्यांच्या वेळेची. म्हणून नवख्या माणसाचं पहिलं काम असं असावं की त्याने मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, वेळ वाचेल. हे एकदा पटलं की कुठून सुरुवात करायची याचं उत्तर आपोआप मिळतं, आणि त्या दारात गर्दीही नसते.

लिबरऑफिसच्या बगझिलामध्ये, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या संकेतस्थळावर, नवीन तक्रार आली की तिची स्थिती 'अनकन्फर्म्ड' असते. तक्रार करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ती आपल्या मशीनवर घडवून दाखवली की ती 'न्यू' होते. माहिती अपुरी असेल तर 'नीडइन्फो' लावून प्रश्न विचारले जातात. हे पडताळणीचं काम करायला सी++ लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही आणि कुणी असाइन करायची वाट बघावी लागत नाही. खातं उघडा, एक तक्रार घ्या, तिच्यातल्या पायऱ्या जशाच्या तशा करून बघा.

मी पडताळणी कशी करतो ते सांगतो. आधी 'मदत' मेनूतल्या 'बद्दल'च्या खिडकीतून आवृत्तीची पूर्ण माहिती कॉपी करतो, तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिमपासून बिल्डपर्यंत (कोडपासून तयार केलेली चालती प्रत) सगळं येतं. मग तक्रारीतल्या पायऱ्या करतो. बग दिसला तर लगेच 'हो, होतंय' लिहून मोकळा होत नाही. त्याच मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करून बघतो, कारण पुष्कळ तक्रारींचं मूळ बिघडलेल्या युजर प्रोफाइलमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये, असतं. नंतर रोजच्या ताज्या बिल्डवर बघतो. तिथे बग दिसत नसेल तर तो बहुधा दुरुस्त झालेला आहे आणि कुणाचा तरी शोधण्यात जाणारा वेळ वाचला. बग टिकून असेल तर फाइल लहान करत जातो. चाळीस पानांच्या अहवालात बिघाड दिसतोय? अर्धी पानं काढून टाका. अजून दिसतोय? उरलेल्यातलं अर्धं काढा. शेवटी एक परिच्छेद, कधीकधी एकच अक्षर उरतं. ती छोटी फाइल तक्रारीला जोडली की डेव्हलपरचा निम्मा तपास तिथेच झालेला असतो.

इथे तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी युरोपात बसलेल्या डेव्हलपरकडे नाही: तुम्हाला मराठी वाचता येतं. देवनागरीबद्दलच्या तक्रारी बऱ्याचदा केवळ यामुळे पडून राहतात की पडद्यावर दिसतंय ते बरोबर की चूक, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. 'वाऱ्यावर' किंवा 'दुसऱ्या' यांतला अर्धा र घ्या. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ आणि हलन्त असा, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसायला हवेत. दोन्ही तऱ्हांनी टाइप करून रायटरमध्ये (लिबरऑफिसचा मजकूर लिहायचा भाग) शोधून बघा, एक लिहून दुसरं सापडतं का? जोडाक्षरावरून कर्सर कसा सरकतो? पीडीएफ केल्यावर त्यातला मजकूर कॉपी केला तर शब्द शाबूत राहतात का? काही खटकलं तर चित्र जोडा, शेजारी 'असं दिसायला हवं' याचंही चित्र जोडा आणि दोन वाक्यांत कारण लिहा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोष कोणाच्या दारात आहे ते ठरवणं. अक्षरांची जोडणी करायचं काम लिबरऑफिस हार्फबझ या लायब्ररीकडे सोपवतं. फायरफॉक्सही तीच वापरतं. म्हणून तोच शब्द, तोच फॉन्ट घेऊन फायरफॉक्समध्ये बघा, मग फॉन्ट बदलून बघा. हार्फबझबरोबर एचबी-व्ह्यू नावाचं एक छोटं साधन येतं, ते फॉन्ट आणि मजकूर घेऊन थेट चित्र काढून देतं. तिथेही अक्षर तुटत असेल तर फॉन्टमध्ये किंवा हार्फबझमध्ये दोष आहे आणि तक्रार तिकडे जायला हवी. तिथे नीट दिसतंय आणि फक्त रायटरमध्ये तुटतंय, तर लिबरऑफिसचा दोष पक्का. एवढं लिहिलेली तक्रार मला उघडायला मिळाली की मी ती बाकीच्या आधी घेतो.

यानंतर येतं ते माझं सगळ्यात आवडतं काम, आणि तुमच्या 'कोड कसा समजून घ्यायचा' या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. काही बग असे असतात की जुन्या आवृत्तीत नव्हते, नव्या आवृत्तीत आले. म्हणजे मधल्या हजारो बदलांपैकी एका बदलाने ते आणले. तो बदल शोधायला गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, 'बायसेक्ट' ही सोय आहे. चांगली आवृत्ती कुठली, वाईट कुठली हे सांगायचं. गिट बरोबर मधली आवृत्ती काढून देतं, तुम्ही तपासून 'चांगली' की 'वाईट' एवढंच सांगता. दर वेळी शोधायचा पट्टा निम्मा होतो, त्यामुळे हजार बदलांतून दोषी बदल दहाएक तपासण्यांत हाती लागतो.

मोठ्या प्रकल्पात अडचण अशी की प्रत्येक पायरीला पूर्ण बिल्ड करायला तास न् तास जातील. लिबरऑफिसच्या मंडळींनी यावर फार सुंदर तोड काढली आहे. तयार बिल्ड केलेल्या आवृत्त्याच त्यांनी गिट रेपोमध्ये ठेवल्यात, त्याला 'बिबिसेक्ट' म्हणतात. काही कंपाइल करावं लागत नाही, आवृत्ती चालवून बघायची आणि उत्तर द्यायचं. लिनक्स, विंडोज, मॅक सगळ्यांसाठी असे रेपो आहेत. डाउनलोड मोठं असतं, ते कॉलेजच्या नेटवरून करा, पण तुमचा आठ जीबीचा लॅपटॉप या कामाला पुरतो. बगझिलामध्ये 'bibisectRequest' हा कीवर्ड लावलेल्या तक्रारी शोधा, त्या याच कामासाठी थांबलेल्या असतात.

दोषी कमिट (गिटमध्ये नोंदवलेला एक बदल) सापडला की तक्रारीत नोंदवा आणि ज्याचा बदल आहे त्याला सीसीमध्ये घ्या. सूर आरोपाचा नको. 'या कमिटपासून हे दिसतंय, बघाल का?' एवढं पुरे. मग तो कमिट स्वतः उघडून वाचा. आता तुमच्यासमोर लाखो ओळी नाहीत. तीस-चाळीस ओळींचा बदल आहे, तो का केला हे सांगणारा संदेश आहे आणि त्याने नेमकं काय बिघडलं हे तुम्हाला आधीच माहीत आहे. या स्थितीत कोड वाचणं आणि फोल्डर उघडून वरून खाली वाचत बसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. असे काही कमिट वाचून झाले की फाइलींची नावं ओळखीची वाटायला लागतात आणि एखाद्या वेळी डेव्हलपर दुरुस्त करण्याआधीच तुमच्या लक्षात येतं की अट कुठे चुकली आहे.

तिथून कोड लिहायला घ्या. लिबरऑफिसमध्ये सोप्या कामांना 'ईझीहॅक' म्हणतात. त्यातलं माझ्या पसंतीचं काम म्हणजे दुरुस्त झालेल्या बगसाठी चाचणी लिहिणं, म्हणजे तो बग पुन्हा डोकं वर काढणार नाही. चाचणी लिहिताना बग, दुरुस्ती आणि त्या भागाचा कोड हे तिन्ही वाचावं लागतं आणि चुकलात तरी वापरणाऱ्याचं काही बिघडत नाही. दुरुस्तीला हात घालायचा तर एक युक्ती कायम चालते: पडद्यावर दिसणारा शब्द, एखाद्या बटणावरचा मजकूर, कोडमध्ये शोधायचा. त्यावरून खिडकीची फाइल मिळते, तिच्यातून त्या बटणाचा ओळखशब्द, त्यावरून बटण दाबल्यावर चालणारं फंक्शन. तिथे पोचल्यावर त्या ओळींचा इतिहास गिट ब्लेमने बघा. आधीच्या माणसाने तसं का लिहिलं हे कळल्याशिवाय ओळ बदलू नका.

पहिल्या बिल्डला तुमच्या लॅपटॉपवर खूप वेळ लागेल, ते रात्री लावून झोपा. एकाच वेळी चालणारी कामं कमी ठेवा, नाहीतर रॅम भरून मशीन अडकेल. सी-कॅश (आधी कंपाइल झालेले भाग साठवून ठेवणारं साधन) चालू ठेवलंत तर पुढच्या वेळी पुष्कळ वेळ वाचतो. डिस्कवर भरपूर जागा मोकळी हवी.

पॅच, म्हणजे तुमचा कोडमधला बदल, पाठवताना एका पॅचमध्ये एकच गोष्ट ठेवा. जाता जाता आजूबाजूच्या ओळींचं स्वरूप नीट करायचा मोह होतो, तो आवरा. तपासणाऱ्याला तुमचा खरा बदल त्या गर्दीत शोधावा लागतो. कमिटच्या संदेशात काय बदललं ते एका ओळीत लिहा आणि खाली का बदललं ते सांगा, कारण 'काय' कोडमध्ये दिसतंच. लिबरऑफिसमध्ये पॅच गेरिट या तपासणीच्या संकेतस्थळावर जातात. तिथे सुधारणा सुचवली तर नवा कमिट जोडायचा नसतो, तोच कमिट सुधारून पुन्हा पाठवायचा असतो. गिटहबची सवय असलेले पुष्कळ जण इथे अडखळतात. एकदाच एक ईमेल लिहून तुमचं योगदान प्रकल्पाच्या परवान्याखाली देत असल्याचंही जाहीर करावं लागतं. असे नियम प्रत्येक प्रकल्पाचे वेगळे असतात, लिनक्स कर्नलमध्ये तर पॅच अजूनही ईमेलनेच जातात. योगदानाबद्दलचं पान आधी शेवटपर्यंत वाचा.

पाठवल्यावर शांतता पसरेल. तिचा अर्थ नकार असा लावू नका. आठवडा-दोन आठवडे थांबा आणि मग तिथेच एका ओळीत आठवण करा. सूचना आल्या तर प्रत्येकीला उत्तर द्या, पटली नाही तर कारण देऊन तसं लिहा. कधीकधी तपासणारा फार खोदून विचारतो. त्यामागे २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या एका प्रकारासारखे अनुभव आहेत. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या, छोट्या पण जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात एकाने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला आणि मग चोरवाट घुसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्याने पाठपुरावा केला आणि ते उघडकीला आलं. तेव्हा प्रश्न विचारले जाणारच, आणि ते विचारले जावेत.

इंग्रजीबद्दल निर्धास्त राहा. तिथले कितीतरी लोक इंग्रजीत शिकलेले नाहीत. छोटी वाक्यं लिहा. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरुवात करायची गरज नाही, 'मी नवीन आहे' याची क्षमाही मागू नका. काय करायचं होतं, काय करून पाहिलं, काय झालं, एरर जशीच्या तशी, एवढं पुरतं. प्रश्न खासगी मेसेजमध्ये विचारू नका, सगळ्यांना दिसेल असा विचारा. ज्याला तुम्ही विचारलं तो सुट्टीवर असेल तर दुसरा कुणी उत्तर देतो, आणि पुढच्या वर्षी तुमच्यासारखाच कुणी शोधत आला तर त्यालाही ते सापडतं.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आज ते टाळून चालणार नाही. अनोळखी फंक्शन समजून घ्यायला, एररचा अर्थ लावायला एआय जरूर वापरा आणि मिळालेलं उत्तर कोडशी ताडून बघा. पण ज्या ओळीचं कारण तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही ती पाठवू नका. कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयकडून लिहून घेतलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींनी किती वेळ खाल्ला हे जाहीरपणे मांडलंय. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये अशा कोडबाबत कडक नियमच केले. तुमच्या प्रकल्पाचा नियम काय आहे ते आधी बघा.

राहिला नोकरीचा प्रश्न. मी मुलाखती घेतो तेव्हा 'ओपन सोर्स कॉन्ट्रिब्यूटर' या ओळीला फारसं वजन देत नाही, तिच्या शेजारची लिंक मात्र उघडतो. ती एखाद्या बगच्या चर्चेची असेल आणि त्यात उमेदवाराने फाइल कशी लहान केली, बायसेक्ट कसा केला, तपासणाऱ्याच्या आक्षेपाला काय उत्तर दिलं हे दिसत असेल, तर मुलाखतीत माझे निम्मे प्रश्न त्यावरच असतात. रीडमीमधल्या शब्दबदलाच्या पाच लिंकांपेक्षा अशी एक मला जास्त सांगून जाते. अशी चर्चा उभी राहायला तुमच्या वेळापत्रकात एखादं सत्र सहज जाईल, तेवढा धीर धरा. या शनिवारी ताजी बिल्ड उतरवा, बगझिलामध्ये देवनागरीशी संबंधित 'अनकन्फर्म्ड' तक्रारी शोधा आणि त्यांतली एक घेऊन बसा. अडलात तर तिचा क्रमांक आणि करून पाहिलेल्या पायऱ्या लिहून कळवा, मी माझ्या मशीनवर तपासून बघेन.